पाठ पाहायची नाही

लोमेश डोंगरवारच्या भावाने नागपूरच्या रद्दीतून आणला होता खोका.
दोनशे अकरा पत्ते. जपानी तलवारी, ढगांत बांधलेले किल्ले,
आणि एक पातळ पुस्तिका, तिच्या शेवटच्या पानावर
बगळा घराण्याची सेनापती अयामे
गोठलेल्या नदीच्या अलीकडे उभी.
पुढचं पुढच्या स्पर्धेत ठरेल, असं छापलेलं.
जो जिंकेल, त्याचं घराणं नदी ओलांडेल.
पुढची स्पर्धा झालीच नाही, कंपनी बुडाली.
"मंग काय, उभीच ठेवाची का बे तिले थंडीत?"
टिकाराम म्हणाला.

तेव्हापासून सावरटोल्यात आम्ही ठरवतो,
मंडईच्या दुपारी, बंद राइस मिलच्या शेडात.
सहा मंडया झाल्या.
अयामे नदी उतरली, भाऊ गमावला, एक किल्ला घेतला.
लोमेशचा कोवळा राजपुत्र तिसऱ्या वर्षी पडला
तेव्हा लोमेश दोन दिवस धानाच्या बांधीवर गेला नाही.

मी वडशाच्या छापखान्यात नाटकांची पोस्टरं कापतो.
उरलेल्या जाड कागदावर आमचे पत्ते छापून घेतो.
अयामेला उधई लागली तेव्हा तिलाही तसंच पुन्हा छापलं.
पुढून सामुराई,
मागून कुठल्या तरी नाटकाचा तुकडा:
खलनायकाची लाल मिशी, नायिकेचा एक डोळा,
'रात्री ठीक साडेनऊ'मधलं नुसतं एखादं अक्षर.
एकाची पाठ दुसऱ्यासारखी नाही.
म्हणून वहीत पहिला नियम:
पाठ पाहायची नाही.
दिसली तर सांगायचं. सांगितलं की डाव गेला.

न सांगितलं तर?
ते वहीत नाही.

यंदा शेवटचा डाव दामिनी नैताम आणि टिकारामचा,
बगळे आणि कोल्हे.
हरेल त्याचा सेनापती मरेल, हे आधीच ठरलेलं.
दामिनी गडचिरोलीला नर्सिंग शिकते, सुटी काढून आलेली,
चौदाव्या वर्षापासून बगळ्यांकडून खेळते.
बाहेर मंडपात कोणी तरी माइकमध्ये फुंकत होतं.
टिनाच्या भोकातून उन्हाची एक काडी
टिकारामच्या हातावर पडली.
दामिनीकडे बर्फाची ढाल होती, मी मागून पाहत होतो.
ती टाकली असती की संपलं असतं.
तिने सगळे पत्ते खाली ठेवले.
"दिसली मले. लाल मिशी."

टिकाराम किती तरी वेळ हातातल्या पत्त्यांकडेच बघत राहिला.
"कोनाले म्हाईत होतं वो? कायले सांगतलंस?"
"सांगतलं आता," ती म्हणाली,
आणि ओढणीने तळहात पुसले.

रात्री नाटक सुरू झालं. मी मंडपामागे वही उघडून बसलो,
डिझेलच्या इंजिनाशेजारी, दिवा होता तिथे.
दोन वाक्यं खोडली. तिसरं
तिला वाचवणारं होतं.
मध्यंतरात टिकाराम आला, हातात शेंगदाण्याचा पुडा.
वाचून म्हणाला, "मरू दे तिले.
जगवलं तं पोरीच्या सांगन्याले काई अर्थ रायते का?"

मग लिहिलं:
फितुराने आणलेला कोल्ह्यांचा नकाशा
अयामेने गुंडाळला, दोरी बांधली, परत पाठवला,
सोबत निरोप, की आमच्या नजरेस पडला आहे.
पहाटे दरवाजा उघडला.
पुढच्या चार ओळी मी इथे सांगत नाही.

मंडपात टाळ्या पडल्या. लाल मिशीवाला मेला होता.
उद्या तो कुरखेड्याकडच्या एखाद्या गावात पुन्हा मरेल.

सकाळी सहाच्या बसमध्ये दामिनीने खिडकीतून हात बाहेर काढला.
मी अयामेचा पत्ता दिला. मेलेला पत्ता खेळणाऱ्याचा, ही आमची रीत.
तिने तो उलटा केला,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाठ पाहिली,
आणि हसली.
मी विचारलं, काय आहे?
बस हलली होती. मला ऐकू आलं ते एवढंच:
"ठीक."